झेल झाकणारे काका

इतकी वर्षं अमेरिकेत राहून मी फुटबॉलची एकही मॅच नीट, सुखाने, शेवटपर्यंत पाहिलेली नाही, आणि याला एकच माणूस जबाबदार आहे. न्यू जर्सीतल्या माझ्या आजच्या ऑफिसातली मंडळी रविवारी कोणाकडे तरी जमतात, चिप्स खातात, टीव्हीवर ओरडतात. मीही जातो. पण क्वार्टरबॅकने बॉल फेकायला हात मागे नेला की माझे डोळे आपोआप मिटतात. बायको म्हणते, डॉक्टरला दाखवा. डॉक्टरला काय सांगू? मिशिगनमध्ये ट्रॉयला असताना एका काकांनी पाच वर्षं माझं डोकं खाल्लं, त्याचा हा परिणाम आहे.

काका म्हणजे नात्यातले नव्हेत. मोटारींच्या सीटखालचे लोखंडी भाग बनवणाऱ्या कंपनीत ते माझे टीम लीड होते. वय पंचावन्नच्या पुढे, मूळचे सांगलीकडचे, अमेरिकेत येऊन पंचवीस-तीस वर्षं झालेली. ऑफिसात सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारायचे. माझी जीभ काही तशी वळेना, म्हणून मी पहिल्या दिवसापासून काका म्हणालो आणि त्यांनीही हरकत घेतली नाही. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी सहा इंची स्टीलची पट्टी. लग्नाच्या रिसेप्शनला सूट घातला तरी ती पट्टी कोटाच्या खिशातून डोकावायची.

आमचं काम मोजमापाचं. आमच्या धंद्यात एक रीत आहे. वस्तू मोजण्याआधी मोजणाऱ्याला तपासायचं. तोच भाग, त्याच माणसाने, तीनदा मोजायचा. मग दुसऱ्या माणसाने मोजायचा, पहिल्याचा आकडा न बघता. आकडे जुळले नाहीत तर दोष त्या भागाचा नाही, मोजण्याचा. काकांच्या भाषेत, "आधी पट्टी मोज." रीत चांगली आहे, माझं पोट त्यावरच चालतं. पण ती कारखान्याच्या फाटकाशी ठेवून माणसाने घरी यावं की नाही?

काका येत नसत. डॉक्टरकडे गेले की ब्लडप्रेशर तीनदा घ्यायला लावायचे, आणि तिसऱ्यांदा दुसऱ्या नर्सकडून, पहिल्या नर्सचा कागद पालथा घालून. इंडियन ग्रोसरीत वजनाच्या काट्यावर भेंडीची पिशवी ठेवायचे, उचलायचे, परत ठेवायचे. मागे रांग वाढत जायची आणि काकू गाडीत जाऊन बसायच्या. हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या टीव्हीवरच्या माणसाची त्यांनी वही ठेवली होती. बर्फ पडेल असं तो म्हणाला आणि पडला नाही, तरी काका त्याला चांगले मार्क द्यायचे. "त्याच्या हातात जेवढी माहिती होती तेवढ्यावर बरोबर बोलला," म्हणायचे. त्या बरोबर बोलण्यापायी आम्ही सकाळी उठून फावडी काढून बसलेले असायचो, ते गेलं खड्ड्यात.

एकदा भर जेवणात, आठ माणसांसमोर म्हणाले, "आमचं लग्न तीस वर्षं टिकलं, म्हणून माझी निवड बरोबर होती असं सिद्ध होत नाही."

काकू आमटी वाढत होत्या. डाव तसाच हवेत धरून म्हणाल्या, "आणि मी टिकवलं, ते कुठल्या खान्यात लिहिता?"

काका खरंच विचारात पडले. बाकी कुठल्याही नवऱ्याने हसून वेळ मारून नेली असती. हे म्हणाले, "तो खाना नाहीये. करायला पाहिजे." काकूंनी आमटी वाढली, पण त्यांच्या वाटीत निम्मीच.

आता फुटबॉल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचा संबंध थोडा आणि हाताचा फार. क्वार्टरबॅक नावाचा एक गडी बॉल फेकतो, त्याच्याच टीममधले गडी पुढे पळत जाऊन तो झेलतात; मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात झेलला की टचडाऊन, म्हणजे घसघशीत गुण. टीम हरली की सगळं गाव त्या फेकणाऱ्याला शिव्या घालतं. आमच्या भागातली टीम त्या वर्षांत वारंवार हरायची, त्यामुळे सोमवारी सकाळी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी दुसरा विषय नसायचा. मी नवीन. इंग्रजीत चार माणसांत मिसळायचं म्हणून खेळ शिकून घेतला आणि इतरांसारखं म्हणायला लागलो, की हा क्वार्टरबॅक भिकार आहे, ह्याला काढा.

पहिल्यांदा हे काकांसमोर बोललो तो दिवस मला चांगला आठवतो. तेव्हाच जीभ आवरायला हवी होती.

"भिकार कशावरून?" काका म्हणाले.

"काका, साधी गोष्ट आहे. शंभर बॉल फेकले, पन्नासच झेलले गेले. निम्मे वाया."

"झेलतं कोण?"

"त्याच्याच टीमची माणसं."

"मग ते मार्क त्या माणसांचे झाले. त्याचे सांग."

"बरं, मॅच किती जिंकल्या ते बघा. सगळ्याच तर हरतोय."

"मॅच म्हणजे पन्नास माणसांचे मार्क. शिवाय वाऱ्याचे, पावसाचे."

"मग चांगला कोण, वाईट कोण, हे कळायचं कसं?"

"लवकर कळत नाही," काका म्हणाले. "ज्यांना लगेच कळतं त्यांना घाई असते, यार." हा 'यार' ते कुठून शिकले होते देव जाणे. त्यांच्या तोंडी तो अगदी उसना वाटायचा.

काकांचं म्हणणं असं, की बॉल झेलणाऱ्यापाशी पोचला त्या क्षणी फेकणाऱ्याचं काम संपलं. तो छातीशी आला का, की गुडघ्याशी? पळणाऱ्याला थांबावं लागलं का, मागे वळावं लागलं का? तेवढंच बघायचं आणि दहापैकी मार्क द्यायचे. पुढे त्याने झेलला की सोडला, टीम जिंकली की हरली, हे बघितलं की डोळा बिघडतो. मी एकदा त्यांना कात्रीत पकडल्यासारखं विचारलं, "पण काका, फेकणाऱ्याला कुठे फेकायचा होता हे तरी तुम्हाला कुठे माहीत आहे? झेलणाराच चुकीच्या बाजूला पळाला असेल तर?" मला वाटलं आता गप्प बसतील. ते खूश झाले. फुटबॉलच्या वहीत 'माहीत नाही' असा एक रकाना त्यांनी आधीच आखलेला होता आणि त्यात भरपूर रेघा होत्या. ह्या माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि भिंत वर तुमचे आभार मानते.

थँक्सगिव्हिंगच्या दुपारी आमच्या टीमची मॅच असतेच, ती तिथली जुनी पद्धत आहे. एका वर्षी काकूंनी सहा-सात कुटुंबांना जेवायला बोलावलं. मसालेभात, मठ्ठा, पोरांसाठी पिझ्झा. आणि त्या दिवशी आमची टीम चक्क जिंकायच्या बेतात आलेली. शेवटचे काही सेकंद उरलेले. आम्ही सगळे सोफ्यावर, गालिच्यावर, कोणी जिन्याच्या पायरीवर. तेवढ्यात काका उठले, पिझ्झाच्या रिकाम्या खोक्याचं झाकण फाडून हातात घेतलं, टीव्हीचा आवाज बंद केला आणि टीव्हीशेजारी उभे राहिले.

"सगळ्यांना एकेक कागद दिलाय. बॉल पोचेपर्यंत बघा. मग मी झाकीन. आधी मार्क लिहा."

आम्हाला वाटलं, गंमत करतायत. क्वार्टरबॅकने बॉल फेकला. लांब, उंच. कोपऱ्यात आमचा गडी पळत होता, त्याने हात वर केले, आणि काकांनी खोका आडवा धरला. नेमका त्या क्षणी. पाच वर्षांत त्यांचा तो क्षण कधी चुकला नाही, हे त्यांचं कौतुक करायचं तर करावं.

खोलीत जो गोंधळ उडाला तो विचारू नका. आमच्याच ऑफिसच्या ग्रुपमधला एक नागपूरकर होता, माझ्याच वयाचा, शांत माणूस. तोही ओरडला, "काय राव काका, तिकडे टचडाऊन होऊन राहिलं अन् तुम्ही खोका धरून राहिले!"

"टचडाऊन झालं असं तुला कशावरून वाटतं? मार्क लिहिलेस?"

काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, बाजूला व्हा! लोक जेवायला आलेत, परीक्षेला नाही!"

काका हलले नाहीत. तेरा कागद गोळा केले, घडी घालून खिशात ठेवले आणि मगच खोका खाली घेतला. तोवर मैदानातले लोक एकमेकांशी हात मिळवून निघालेले आणि पडद्यावर ट्रकची जाहिरात. कोण जिंकलं हे मला घरी जाताना पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा काउंटरवरच्या माणसाकडून कळलं. आम्ही जिंकलो होतो. वर्षातून एखाद्या वेळी येणारा तो आनंद मी पेट्रोलपंपावर एकट्याने साजरा केला.

यावर कडी म्हणजे पुढच्याच शनिवारी त्यांनी मला घरी बोलावलं. त्यांच्या बेसमेंटमध्ये मॅचच्या व्हिडिओ टेपांच्या चळती होत्या. त्यांनी चाळीस पास, म्हणजे क्वार्टरबॅकने फेकलेले बॉल, निवडले होते. काहींत झेल दाखवला होता, काहींत त्याआधीच चित्र थांबवलं होतं, आणि काही पास दोन्ही तऱ्हांनी, पण लांब लांब अंतरावर, मला कळणार नाही असे. दोन तास मी मुकाट्याने मार्क देत बसलो. शेवटी त्यांनी माझाच कागद माझ्यासमोर धरला. एकच पास होता. झेल सुटलेला पाहिला तेव्हा मी चार दिले होते, चित्र थांबवलं तेव्हा आठ.

"बघ," ते म्हणाले. आवाजात विजय नव्हता, हेच जास्त झोंबलं. "तुझी पट्टी चांगली आहे. कडक आहे. पण निकाल दिसला की वाकते."

"सगळ्यांचीच वाकते!"

"हो. माझीही. म्हणून तर खोका."

हे सगळं थट्टेवारी नेता आलं असतं. नाकात दम आणणारी माणसं प्रत्येकाच्या ओळखीत असतात. पण पुढे जे झालं त्यात माझी नोकरी गेली.

त्याची सुरुवात माझ्या कौतुकातून झाली. एका सकाळी आमच्या एका ब्रॅकेटची मापं घेताना गेजने, म्हणजे मोजायच्या यंत्राने, तीनदा मोजल्यावर दोन आकडे बरोबर दिले आणि एक ठरलेल्या मर्यादेबाहेरचा. नियम असा, की थांबायचं, गेज तपासायचं. त्याला चार तास लागतात. बाहेर ट्रक उभा होता. माल वेळेवर पोचला नाही तर गिऱ्हाइकाची मोटारी जोडायची लाइन बंद पडणार होती. मी विचार केला, तीनपैकी दोन बरोबर आहेत, आणि ट्रक सोडला. माल उत्तम निघाला. गिऱ्हाइकाने फोन करून आभार मानले. मॅनेजरने माझा फोटो कॉरिडॉरमध्ये लावला आणि वर्षभरासाठी दारालगतची पार्किंगची जागा दिली. मिशिगनच्या जानेवारीत दारालगतची पार्किंग म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यालाच कळेल.

काका गाडीपाशी येऊन म्हणाले, "जागा छान आहे." मग जरा थांबून, "गेज तपासलंस का नंतर?"

मी तपासलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोणाचं चांगलं म्हणून बघवत नाही या माणसाला, असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

दोन महिन्यांनी तशीच वेळ नागपूरकरावर आली. तसाच एक आकडा बाहेरचा, तसाच ट्रक. त्याने ट्रक थांबवला. गेज तपासलं तर बिघाड गेजमध्येच होता, माल चांगला होता. म्हणजे गिऱ्हाइकाची लाइन अर्धा दिवस फुकट बंद राहिली. मॅनेजरने त्याला सगळ्यांदेखत झापलं. मला त्याची कीव आली. मी त्याला जेवायला घेऊन गेलो आणि मोठ्या भावासारखं सांगितलं, की बाबा रे, कधीकधी हिंमत करावी लागते.

मग मंदीची कुजबूज सुरू झाली. आमच्या पाच जणांच्या ग्रुपमधला एक माणूस जाणार, आणि काकांनी पाचांचे क्रमांक लावून द्यायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. मी निर्धास्त होतो. भिंतीवर फोटो माझा होता. नागपूरकराचा बायोडेटा मीच नीट करून दिला.

अशाच एका शनिवारी सकाळी काका आमच्या अपार्टमेंटमध्ये आले. बायकोला सातवा महिना. मी दिवाणखान्यात पाळण्याचे सुटे भाग पसरून बसलो होतो आणि दोन स्क्रू कमी पडत होते. काकांनी लिफाफ्यातून टाइप केलेल्या बारा चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येकीवर कारखान्यातला एकेक प्रसंग. भागाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही, पुढे काय झालं ते कापलेलं.

"दहापैकी मार्क दे. दुसरा मोजणारा पाहिजे."

"कुठल्या प्लांटचं आहे हे?"

"ते विचारायचं नाही. माप बिघडतं."

मला सवय झालेली होती. आणखी एक खूळ, असं समजून मी गालिच्यावर बसल्या बसल्या मार्क टाकत गेलो. सातव्या चिठ्ठीत कोणा महाभागाने मोजणीत शंका असताना रात्रपाळीत माल सोडून दिला होता. मी दोन दिले आणि शेजारी लिहिलं, 'ह्याच्या हातात गेज देऊ नये.' दहाव्या चिठ्ठीत कोणीतरी माल अडवून यंत्र तपासलं होतं. त्याला नऊ. काकांनी खाली सही मागितली, तीही केली. बायकोने चहा दिला. जाता जाता त्यांनी पाळण्याचे दोन स्क्रू खोक्याच्या घडीत अडकलेले शोधून दिले.

पुढच्या शुक्रवारी मॅनेजरने मला आत बोलावलं. जाणारा माणूस मीच होतो, शेवटच्या दिवसाला दोन महिने होते. तेवढ्यात दुसरी कंपनी मला नोकरी देऊन माझ्या व्हिसाची जबाबदारी घ्यायला तयार झाली नाही, तर दिवस भरत आलेल्या बायकोला घेऊन पुण्याला परत. ग्रीन कार्डचा अर्ज तिथेच बुडाला.

आणि रविवारी बायकोचं डोहाळजेवण काकांच्याच घरी ठरलेलं. बायको म्हणाली, "कॅन्सल करा. त्या माणसाचं तोंड बघायचं नाही मला." पण काकू स्वतः आल्या. दारातच डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्या हातून ओटी भरून घे, राणी. त्यांना मी बेसमेंटमध्ये कोंडून ठेवते. वर येऊ देत नाही." आणि खरंच तसं केलं.

वर बायकांची गाणी चाललेली. मी बेसमेंटचा जिना उतरलो तो भांडायच्याच तयारीने.

"पाच वर्षं तुमच्याकडे जेवलो, काका! पाच वर्षं तुमचे खोके सहन केले. आणि तुम्ही मला शेवटचा नंबर दिलात?"

काकांनी माझीच सही असलेला कागद पुढे केला. सातवी चिठ्ठी. त्यांनी पेन्सिलने 'रात्रपाळी' खोडून शेजारी लिहिलं होतं, दिवसपाळी, ब्रॅकेट, आणि माझं नाव. मला वाचायला वेळ लागला. दोन. माझ्याच अक्षरात. दहावी नागपूरकराची होती.

"तुम्ही फसवलंत मला."

"हो," काका म्हणाले. "नाव दिसलं असतं तर तू दहा दिले असतेस."

"मग तुम्हीच द्यायचे होते मार्क! लीड तुम्ही आहात, मी नाही! माझ्याच हाताने माझा गळा कापायचा?"

"दिले होते." त्यांनी खिशातली पट्टी काढली, परत ठेवली. "पहिल्यांदा सहा दिले. आठवड्याने परत दिले, तर तीन. माझी दोन रीडिंगं जुळेनात. तुझ्या बाबतीत माझी पट्टी वाकते, रे. तू घरी येतोस, ही तुझ्या बायकोला लेकीसारखं बघते. मला माझा भरवसा वाटेना. म्हणून दुसरा मोजणारा शोधला. आपल्यात तुझ्याइतका कडक कोण आहे?"

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. ज्या माणसाचा माझ्यावर जीव होता त्यानेच, जीव होता म्हणून, मला माझ्याच हातात दिलं होतं. आणि मार्क बरोबर होते, हे मला कळत होतं, त्याचाच संताप जास्त होता.

"मूल येतंय घरात. आता मी काय करू?"

"माहीत नाही," काका म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात वर वाटी उघडली गेली असावी, कारण बायका एकदम ओरडल्या, "बर्फी! बर्फी!" आणि हसण्याचा गदारोळ झाला. आम्ही दोघं खाली टेपांच्या चळतींमध्ये उभे होतो. मी जिना चढून वर आलो आणि सगळ्यांबरोबर हसलो.

त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. नागपूरकराने माझ्यासाठी चार ठिकाणी शब्द टाकला. मोठ्या भावासारखा सल्ला मी त्याला दिला होता, हे आठवून मला लाज वाटायची. शेवटी न्यू जर्सीत सर्जरीची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीने इंटरव्ह्यूला बोलावलं. एडिसनला बायकोच्या मावसबहिणीकडे उतरलो. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. मी आयसेलिनला ओक ट्री रोडवर, मिठाईच्या दुकानाबाहेर गाडीत बसलो होतो. नोकरी मिळाली होती. व्हिसाचं ते बघणार होते.

बायकोला फोन केला. ती रडली, मी रडलो. आणि मग, का ते मला आजही सांगता येणार नाही, मी काकांचा नंबर लावला.

"मिळाली," मी म्हणालो.

"ते आवाजावरून कळलं. काय विचारलं त्यांनी?"

अभिनंदन नाही, काही नाही. "एखादा चुकलेला निर्णय सांगा म्हणाले. मी ट्रकची गोष्ट सांगितली."

"काय सांगितलंस, जसंच्या तसं सांग."

मी सांगितलं. गेजचा एक आकडा बाहेरचा होता, ट्रक उभा होता, थांबायला हवं होतं, मी सोडला, माल चांगला निघाला तरी निर्णय चूक होता.

"परत सांग."

"काका, मी पार्किंग लॉटमध्ये आहे! पेढे घ्यायचेत!"

"परत सांग, यार."

दात-ओठ खात मी परत सांगितलं. गेजचा एक आकडा बाहेरचा, ट्रक उभा, मॅनेजर डोक्यावर बसलेला, माल सोड म्हणून...

"थांब," काका म्हणाले. "पहिल्यांदा मॅनेजर नव्हता. आता कुठून आला?"

मॅनेजर त्या दिवशी ओहायोत होता. सोड म्हणून मला कोणीही सांगितलं नव्हतं. हे मला माहीत होतं आणि काकांनाही.

"इंटरव्ह्यूत सांगितलंस तेव्हा गोष्टीत मॅनेजर होता का?"

नाही म्हणालो असतो तर त्यांना कधीच कळलं नसतं. साडेपाचशे-सहाशे मैलांवर होते ते.

"होता," मी म्हणालो.

मी वाट बघत होतो, की आता काका ओरडतील, उपदेश करतील, मग मलाही भांडता येईल. ते म्हणाले, "बरं. सूनबाईला जप," आणि फोन ठेवून दिला.

मी गाडीच्या काचा वर करून त्या माणसाला माहीत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या घातल्या. मग खिशातून नव्या कंपनीचं कार्ड काढलं आणि नंबर लावला.